आपसातला किरकोळ वाद

मी फेटाळलेला अर्ज माझ्याच लेकीचा होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही अर्ध्या वाटेपर्यंत माझी बाजू घेत बसाल आणि मग तोंडघशी पडाल. माझी बाजू घेण्यासारखी नाही.

मी तयार कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काम करते. शिवून झालेला शर्ट माझ्यापुढे येतो. कॉलर, खांद्याची शिवण, बाह्या, काजं, बटणं, खालची पट्टी. चूक दिसली की तिथं लाल कागदाचा बारका बाण चिकटवायचा आणि शर्ट डावीकडे टाकायचा. तासाला सत्तर शर्ट. कोणी शिवला ते मला कळत नाही आणि कळू नये अशीच सोय आहे. शर्टावर फक्त गठ्ठ्याचा नंबर असतो. नाव कळलं की हात नरम पडतो, असं आमचे सुपरवायझर म्हणतात. माझा हात तसाही कधी नरम पडला नाही. शिलाईच्या बायका मला मागून ‘लाल बाण’ म्हणतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी शाळांसाठी नवा कायदा आला. मुलांनी मुलांचा छळ करायचा नाही, केला तर शाळेनं झाकायचा नाही, आणि प्रत्येक शाळेत त्यासाठी पाच जणांची समिती पाहिजे. मुख्याध्यापिका, एक शिक्षक, समुपदेशक, बाहेरचा एक वकील आणि पालकांचा एक प्रतिनिधी. पालकसभेत मी मुलींच्या स्वच्छतागृहातल्या तुटक्या कड्यांवरून मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, चांगलं फैलावर घेतलं होतं. भुंकणारा बाहेर ठेवण्यापेक्षा घरात बांधलेला बरा, असा विचार त्यांनी केला असावा. त्यांनी माझंच नाव सुचवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, बघा, आपली किंमत आहे.

समितीला बावीस पानांची पुस्तिका मिळाली. ती मी पाठ केली. तक्रारीचे तीन प्रकार. पहिला, आपसातला किरकोळ वाद. यात मुलाला समजुतीचं पत्र द्यायचं आणि कागद फायलीत ठेवायचा, पालकांना कळवायची गरज नाही. दुसरा, चिडवाचिडवी, यात दोन्हीकडच्या पालकांना बोलवायचं. तिसरा, छळ. हा अठ्ठेचाळीस तासांत शिक्षण खात्याला कळवायचा, आणि फोटोबिटो असेल तर पोलिसांनाही. तिसऱ्या प्रकाराचे किती अर्ज आले तो आकडा शाळेच्या नावापुढे सगळ्या जगाला दिसतो. आमच्या शाळेपुढे शून्य होतं आणि मोठ्या बाईंना त्या शून्याचा भारी लळा. पण मी त्यांच्यावर ढकलणार नाही. माझ्यावर कुणी दबाव टाकला नव्हता. मी जे केलं ते आपल्या अकलेनं केलं.

आणखी एक नियम होता, तो सगळ्यांत महत्त्वाचा. समितीनं नाव न बघता निर्णय करायचा. मुलानं हातानं लिहिलेला अर्ज शाळेचे कारकून घ्यायचे. त्यातलं नाव, वर्ग, मुलगा की मुलगी, सगळं काढून टाकायचे आणि नीट टाइप करून नंबर घालून आमच्यापुढे ठेवायचे. मला ही पद्धत फार पटली. मी तेव्हा म्हणालेसुद्धा, ‘आमच्या कारखान्यात अस्संच असतं.’

घरी मी समितीची फुशारकी मारायचे. माझी लेक तेरा वर्षांची, घरात तिला ठकू म्हणतो. तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात, ते घरी येतात तेव्हा थकून बोलण्याच्या अवस्थेत नसतात. म्हणजे ऐकायला ठकूच. ‘आम्ही तिथं अक्षर न् अक्षर वाचतो,’ मी तिला सांगायचे. ‘कुठल्याही पोराचा कागद असो, मी दोनदा वाचते.’ ती ऐकून घ्यायची. हल्ली ती कमीच बोलते, वय आहे, असं मी शेजारणीला सांगितलं होतं.

तो गुरुवार होता. कारखान्यातून अर्धी रजा काढून मी चार वाजता शाळेच्या वाचनालयात पोचले. लांब टेबल, कडेला पुस्तकांची बंद कपाटं, वर एक पंखा जो फिरताना मान डोलावल्यासारखा डुगडुगायचा. तीन अर्ज होते. दोन झटक्यात झाले. तिसरा अकरा नंबरचा.

कारकुनांनी तो असा टाइप केला होता: ‘तक्रारदारास मधल्या सुट्टीत चार सहाध्यायींकडून स्वच्छतागृहात जाण्यास अटकाव केला जातो. सदर प्रकार काही महिन्यांपासून सुरू असल्याचे तक्रारदाराचे म्हणणे आहे. तक्रारदार शाळेच्या वेळेत पाणी पिणे टाळतो. आपले छायाचित्र काढले गेले असावे असा तक्रारदाराचा समज आहे. उचित कार्यवाही व्हावी.’

समुपदेशक मॅडम सगळ्यांत लहान, दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून बाहेर पडलेल्या. त्या म्हणाल्या, ‘पाणी पिणं टाळतो, हे मला बरोबर वाटत नाहीये. आपण या मुलाला बोलवून घेऊ या का एकदा?’

‘बोलवलं की नाव फुटलं,’ शिक्षक म्हणाले.

वकीलसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. ‘फोटोचा पुरावा काय? समज आहे म्हणतोय. समजावर पोलिसात कसं जायचं? उद्या समोरचे पालक आपल्याच मानेवर बसतील.’

मोठ्या बाई माझ्याकडे बघत होत्या.

आणि मी तोंड उघडलं. मी म्हणाले, ‘दार अडवतात म्हणजे काय करतात? पाच मिनिटं थांबवत असतील. आमच्याकडे दोनशे बायकांना चार संडास आहेत, वीस-वीस मिनिटं रांगेत उभ्या असतो आम्ही. कोणाकडे अर्ज करायचा? या पोरांना ना, सगळं हातात पाहिजे. एवढ्यातेवढ्यावर रडणाऱ्याला जग आणखी रडवतं.’

‘वा, ताई,’ वकीलसाहेब म्हणाले. ‘काय वाक्य बोललात. हे पत्रात घाला हो.’ कारकुनांनी लिहून घेतलं.

पहिला प्रकार, आपसातला किरकोळ वाद. चार विरुद्ध एक. समुपदेशक मॅडमनी आपलं मत वेगळं नोंदवलं आणि तेवढ्यानंही त्यांचा चेहरा लाल झाला. मी सही केली. खाली माझं नाव, त्याखाली ‘पालक प्रतिनिधी’. एका शर्टाला लागतो त्याहून थोडाच जास्त वेळ लागला असेल.

संध्याकाळी जेवताना ठकूनं विचारलं, ‘आज तुमची मीटिंग होती ना?’

‘होती. तीन निकाली काढले.’

‘सगळे वाचलेस तू?’

‘अक्षर न् अक्षर.’

‘मग?’

‘मग काय? एक जरा दम असलेला होता. बाकीची दोन नुसती रडगाणी.’

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत बसली. मग ताट उचललं आणि धुवायला गेली. मी मागून ओरडले, ‘आणि ती पाण्याची बाटली आज पण भरलेली परत आलीये! रोज भरून द्यायची आणि रोज तू ओतून टाकायची, नोकर आहे का मी तुझी?’ नळ चालू होता, त्यामुळे ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तिला ताप भरला. आधी मी नेहमीची गोळी दिली. दुसऱ्या दिवशी ती पाठ धरून वाकडी झाली, दातावर दात वाजत होते, अंगावर दोन पांघरुणं घातली तरी हुडहुडी थांबेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, लघवी तपासायला पाठवली आणि लगेच दाखल करून घेतलं. जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले होते. उजव्या हाताला सलाईन लागलं.

डॉक्टरीणबाईंनी मला पलंगाच्या कडेला उभं करून विचारलं, ‘ही पाणी किती पिते?’

‘कुठं पिते! बाटली भरलेली परत आणते रोज. मीच ओरडते.’

‘आणि लघवी दाबून धरते का? शाळेत जाते का बाथरूमला?’

मी म्हणणार होते, काय माहीत, विचारा तिलाच. पण टाइप केलेला तो कागद डोळ्यांपुढे आला, त्याच्या समासासकट. पाणी पिणे टाळतो. मी वॉर्डातल्या लोखंडी पलंगाची दांडी धरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते लोकांना हसण्यासाठी म्हणत आले होते मी. ठकू डोळे मिटून पडली होती, पण झोपलेली नव्हती. झोपलेलं माझं लेकरू मला ओळखता येतं. तेवढं येतं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी स्टूल ओढून बसले. ‘ठकू, समितीला अर्ज तू केला होतास?’

तिनं डोळे न उघडता मान हलवली. हो.

‘मग घरी का नाही सांगितलंस, बाळा?’

‘सांगितलं होतं. गेल्या वर्षी. त्या चौघी मला बाथरूममध्ये कोंडतात म्हणून. तू शर्ट घडी घालत होतीस.’

‘मी काय म्हणाले?’

‘तू म्हणालीस, तू पण कोंड त्यांना.’

मला आठवलं नाही. आजही आठवत नाही, पण ते वाक्य माझंच आहे, त्यात शंका नाही.

‘मग तू समितीत गेलीस,’ ती म्हणाली. ‘तिथं तू सगळं दोनदा वाचतेस, असं तूच सांगायचीस. म्हणून मी लिहिलं. मला वाटलं, तू वाचशील आणि तुला कळेल ही मीच आहे. मग घरी आल्यावर तू मला विचारशील. तोंडानं सांगायला लागणार नाही मला.’ ओठ कोरडे पडले होते, तिनं ते जिभेनं ओले केले. ‘त्या दिवशी जेवताना मी थांबले होते.’

मी तिचा डावा हात धरायला गेले. तिनं काढून घेतला नाही, पण तो माझ्या हातात नुसता पडून राहिला.

‘मला आधी वाटलं, माझा कागद त्या दिवशी तुमच्यापुढे आलाच नसेल. कारकूनकाकांनी मागे ठेवला असेल. मग सोमवारी कारकूनकाकांनी वर्गात पाकीट आणून दिलं. वाचल्यावर कळलं की तो तू वाचला होतास. ते रडवतंवालं वाक्य आपल्या घराबाहेर कोणीच म्हणत नाही.’

पाकीट वर्गात दिलं. सगळ्या वर्गापुढे. कोणी अर्ज केला ते त्या चौघींना त्याच मिनिटाला कळलं असणार. नाव फुटू नये म्हणून आम्ही पोरीला बोलावलं नव्हतं.

‘मग पुढे?’ मी विचारलं.

‘पुढे काय? आधी फक्त मधल्या सुट्टीत उभ्या राहायच्या. नंतर दिवसभर.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बाबांना पलंगाशी बसवून मी शाळेत गेले. त्यांना सगळं सांगितलं होतं. ते माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ते फक्त म्हणाले, ‘तू जा. मी आहे इथं.’

मोठ्या बाईंच्या टेबलावर मी दवाखान्याचा कागद ठेवला. त्या वाचत गेल्या तसा त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. नाही म्हणायला त्या राक्षसीण नाहीत. त्यांनी स्वतः उठून दार लावलं, मला पाणी दिलं. मी म्हणाले, ‘मूळ अर्ज दाखवा.’

नियमात बसत नव्हतं, पण त्यांनी कारकुनांना हाक मारली. कारकून फाइल घेऊन आले. दोन पानं, वहीतून फाडलेली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. ठकूचं अक्षर, डावीकडे कललेलं, मी पहिलीपासून ज्याला नावं ठेवत आले ते.

तिनं लिहिलं होतं: ‘माझ्या वर्गातल्या चौघी गेल्या वर्षापासून बाहेरून दार धरतात आणि घंटा झाल्यावर सोडतात. मला उशीर होतो म्हणून बाई मला ओरडतात. आता मी जातच नाही. डबा पण अर्धाच खाते, कारण खाल्लं की तहान लागते. दाराची आतली कडी तुटलेली आहे. माझ्या आईनं पालकसभेत सांगितलं होतं, तरी ती बसवली नाही. एकीनं वरून हात घालून मोबाइलवर फोटो काढला. मला दाखवला. त्यात मीच आहे. त्या म्हणाल्या, कोणाला सांगितलंस तर सगळ्यांना पाठवू.’

मी कारकुनांकडे बघितलं. ‘यात समज कुठं आहे?’

ते पन्नाशीचे, शाळेतच केस पिकलेले. ‘ताई, फोटो मी पाहिला नव्हता ना. न पाहिलेलं ठाम कसं लिहायचं? आणि आईनं सभेत सांगितलं वगैरे ठेवलं असतं तर ओळख लागली असती. नियमानं काढलं मी ते. भाषा तेवढी नीट केली.’

त्यांना काय बोलणार होते मी? त्यांनी शिवण नीट केली होती, मी तपासून पास केली होती. आणि तरी सांगते, त्या टाइप केलेल्या पाच ओळींतही पुरेसं होतं. समुपदेशक मॅडमना त्यात दिसलं. त्यांची ती कोणीच नव्हती.

‘आता तिसऱ्या प्रकारात घ्या,’ मी मोठ्या बाईंना म्हणाले. ‘आजच्या आज खात्याला कळवा. पोलिसांना कळवा.’

त्यांनी पुस्तिका उघडली. ‘ताई, निकाली निघालेला अर्ज पुन्हा उघडता येत नाही. नवा अर्ज लागेल. तो आला की मी एक तास थांबवणार नाही, शब्द देते. पण तुम्ही समितीत असताना तो घेता येणार नाही, कारण तुम्ही तिच्या आई आहात.’

‘आणि आधीचा?’

‘तो रेकॉर्डवर राहील. तुमच्या सहीसकट. आमच्याही.’

बैल गेला आणि झोपा केला. मी तिथंच उभ्या उभ्या राजीनामा लिहिला. कारकुनांनी कोरा अर्ज दिला आणि खालची बारीक अक्षरातली ओळ बोटानं दाखवली: विद्यार्थी आजारी असल्यास पालकाने त्याच्या सांगण्यानुसार, त्याच्याच शब्दांत लिहावे.

मी वॉर्डात परतले तेव्हा ताप थोडा उतरला होता. तिचे बाबा तिला चमच्यानं पाणी पाजत होते आणि ती पीत होती. मी तिला सगळं सांगितलं: नवा अर्ज, राजीनामा, पोलीस. तिनं विचारलं, ‘आता कोण वाचणार?’

‘मी नाही,’ मी म्हणाले.

तिनं छताकडे बघितलं. मला वाटलं, नकोच म्हणणार. मग म्हणाली, ‘लिही. पण मी सांगेन तेवढंच लिही. नीट करू नकोस.’

मी दवाखान्याच्या तक्त्याखाली घ्यायची लाकडी फळी मांडीवर घेतली. काय घडलं ते तिनं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा कमी शब्दांत, आणि फोटोपाशी आल्यावर तिनं बाबांना बाहेर जायला सांगितलं. मी लिहीत गेले. कधी नव्हे ते चूक शोधत माझं बोट कुठं अडखळलं नाही. मग रकाना आला, तक्रार कोणाविरुद्ध. चार ओळी आखलेल्या. तिनं चौघींची नावं सांगितली. त्यातल्या दोघी आमच्या घरी येऊन गेल्या होत्या, त्यांना मी माझ्या हातानं सरबत दिलं होतं.

‘झालं?’ मी विचारलं.

‘अजून एक आहे.’

‘ओळी संपल्या.’

‘खाली आख ना मग.’

मी औषधाच्या खोक्याची कड लावून पाचवी ओळ आखली. तिनं माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव, तिच्या बाबांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तशा आवाजात. पेन थांबलं. मग मी लिहिलं.

‘यांनी काय केलं, तेही लिहावं लागतं,’ मी म्हणाले.

‘लिही. मी लिहिलं होतं. त्यांनी वाचलं.’

‘पुढे?’

‘पुढे काही नाही.’

मी तेवढंच लिहिलं. शेवटचा रकाना होता, तक्रारदाराशी नातं. चौघींपुढे मी ‘वर्गातली’ असं लिहिलं. पाचव्या ओळीवर पेन टेकवून मी तिच्याकडे बघितलं. मला विचारायचं नव्हतं, पण नियम होता, तिच्याच शब्दांत. ‘इथं काय लिहू, ठकू?’

ती कुशीवर वळली, सलाईनचा हात सांभाळत, भिंतीकडे तोंड करून.

‘समितीच्या सदस्य,’ ती म्हणाली.

मी तसंच लिहिलं.